तीन फुटक्या टाइल्स आणि दहा भोकं: चिंचवडच्या एका बाथरूमचं प्रकरण

इमारत १९९०च्या दशकातली, भिंती विटांच्या, बाथरूम सात बाय पाच फूट. घरात निवृत्त काका-काकू दोघंच, आणि बाथरूमही एकच. त्यामुळे काम लांबलं की शेजाऱ्यांच्या दारात बादली घेऊन जायची वेळ. घरांचं नूतनीकरण करून देणं हा माझा व्यवसाय आहे आणि या कामाची देखरेख माझ्याकडे होती. म्हणून जे बिघडलं त्याची जबाबदारीही माझीच.

काकूंनी निवडलेली टाइल ६०० बाय १२०० मिलिमीटरची, ९ मिलिमीटर जाड, वर मॅट ग्लेझ आणि राखाडी संगमरवरासारख्या रेषा. दुकानात हिला जीव्हीटी म्हणतात, म्हणजे ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल. जात पोर्सेलिनचीच. एक नग साधारण पंधरा किलोचा, खोक्यात दोन नग. आम्ही बारा खोकी आणली. कापाकापीतली घट धरूनही दोन नग जास्तीचे राहतील, असा हिशोब होता.

भिंतीतून बाहेर येणारी पाण्याची ठिकाणं दहा. गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळाची दोन, शॉवरचं एक, बादलीच्या नळाचं एक, गीझरची दोन, बेसिनच्या अँगल कॉकची दोन, बेसिनच्या सांडपाण्याचं एक, आणि कमोडची टाकी व जेट स्प्रे यांना मिळून टू-वे कॉकचं एक. स्क्रू आणि बोल्टची बारीक भोकं वेगळीच. एवढ्याशा खोलीत दहा होल म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या टाइलला एक. तरीही ठरवाठरवी करताना आम्ही रंगावर, सांधे भरायच्या ग्राउटवर, नळांच्या मॉडेलवर तासन् तास बोललो. भोकं कशानं पाडायची यावर एक वाक्यही बोललो नाही. मिस्त्री अनुभवी आहेत, ते करतीलच, असं मी गृहीत धरलं होतं.

मिस्त्री नांदेडकडचे, वीस-पंचवीस वर्षं याच कामात. त्यांचा हात मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. त्यांनी लावलेल्या कोपऱ्यात सांधा शोधावा लागतो. पण त्यांची बहुतेक वर्षं साध्या सिरॅमिक वॉल टाइलवर गेली आहेत, आणि पहिल्या दिवसाचं गणित तिथेच चुकलं.

पहिली टाइल

सिरॅमिक टाइलला होल पाडायची त्यांची पद्धत साधी आणि जलद आहे. टाइल पालथी घालायची, चार इंची मार्बल कटरनं मागून फुलीसारख्या चार-सहा चिरा मारायच्या आणि हातोडीच्या टोकानं मधला भाग टकटक करून पाडायचा. कड खडबडीत राहिली तर चिमट्यानं कुरतडायची. वर नळाची फ्लँज, म्हणजे भोक झाकणारी गोल चकती, बसली की काही दिसत नाही.

मिक्सरच्या भिंतीची पहिली टाइल त्यांनी अशीच घेतली. तिसऱ्या टकटकीला भोकातून जवळच्या कडेपर्यंत सरळ तडा गेला. भोक कडेपासून साडेपाच सेंटीमीटरवर होतं. मिस्त्री म्हणाले, "ताई, माल कडक आहे."

माल कडकच आहे, पण नेमका कसा ते समजून घेण्यासारखं आहे. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल सच्छिद्र असते, स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषते. तिचं अंग भुसभुशीत. ठोकलं की जिथे ठोकलं तिथलाच तुकडा गळतो. पोर्सेलिन सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्यातला फेल्डस्पार वितळून काच होतो, कण एकमेकांना घट्ट चिकटतात, आणि पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्यावर किंवा त्याखाली येतं. असं दाट अंग बराच वेळ ठोका सोसतं, आणि सोडतं तेव्हा एकदम, लांबवर सोडतं. त्यात कटरच्या चिरा जिथे एकमेकींना छेदतात किंवा संपतात तिथे टोकदार कोपरे उरतात. ताण नेमका अशा टोकाशी साचतो. गोल भोकाला असा कोपराच नसतो.

(स्विचच्या डब्यासाठी चौकोनी खाच लागते तेव्हा हेच ध्यानात ठेवावं. आधी चारही कोपऱ्यांत लहान गोल भोकं, मग त्यांना जोडणाऱ्या सरळ चिरा. ब्लेड कोपऱ्याच्या पुढे गेलं की तडा तिथून निघालाच समजा, आज नाही तर उन्हाळ्यात.)

दुसरी टाइल

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून होल सॉचा, म्हणजे गोल भोक कापणाऱ्या नळीसारख्या बिटांचा, एक संच आला. स्वस्त होता, अख्खा संच एका टाइलपेक्षा कमी किमतीचा. कडेवर हिऱ्याचा चुरा असलेली, निकेलचा मुलामा दिलेली बिटं. मिस्त्रींनी ३५ मिलिमीटरचं बिट ड्रिलला लावलं, टाइल जमिनीवर ठेवली आणि पूर्ण वेगानं, कोरडंच सुरू केलं.

पहिली अर्धी मिनिट छान गेली. पांढरी भुकटी येत होती. मग भुकटी थांबली आणि धूर यायला लागला. आवाज बदलला, घासण्याचा जाऊन किंचाळण्याचा आला. जोर वाढवला, तरी बिट पुढे सरकेना. ते उचललं तर भोकाच्या खाचेत काळं वर्तुळ. गरम झालंय म्हणून मदतनीस पोरानं मगातलं पाणी ओतलं. 'टिक' असा बारीक आवाज आला, आणि वर्तुळापासून दोन दिशांना केसाएवढ्या दोन भेगा गेल्या.

जास्तीच्या दोन्ही टाइल्स पहिल्याच दिवशी संपल्या.

त्या रात्री मी ते बिट घरी आणून भिंगाखाली पाहिलं. कडेवर हिरा जवळजवळ उरलाच नव्हता, गुळगुळीत धातू चमकत होता. एकाच भोकात, तेही अर्ध्या. मुलामा दिलेल्या बिटावर हिऱ्याचा एकच थर असतो आणि प्रत्येक कण अर्ध्याहून जास्त निकेलमध्ये बुडालेला असतो. वर डोकावणारं टोक एवढंसं. पाणी नसलं की भुकटी खाचेत अडकते, बिट टाइलवर न घासता त्या भुकटीवरच घासत राहतं आणि सगळी उष्णता तिथेच कोंडते. पोर्सेलिन उष्णता दूर वाहून नेत नाही. त्यामुळे खाचेचा भाग तापून फुगू पाहतो आणि भोवतालची थंड टाइल त्याला फुगू देत नाही. हवेत ७०० अंशांच्या आसपास हिराही टिकत नाही, तो ऑक्सिजनशी संयोग पावून झिजू लागतो. आणि एवढं तापलेल्या जागी थंड पाणी ओतणं म्हणजे तापलेल्या काचेच्या ग्लासात बर्फ टाकणं.

वेगाचा हिशोबही त्याच रात्री मांडला. ड्रिल पूर्ण वेगात मिनिटाला २८०० फेरे घेत होतं. ३५ मिलिमीटरच्या बिटाची कड एका फेऱ्यात साधारण ११ सेंटीमीटर धावते, म्हणजे मिनिटाला ३०० मीटर. तेच ड्रिल ५०० फेऱ्यांवर आणलं तर मिनिटाला ५५ मीटर. सहा मिलिमीटरचं बिट २८०० फेऱ्यांवरही जेमतेम तेवढंच धावतं. म्हणून बारीक बिट जोरात चाललं तरी निभतं, मोठं बिट मात्र हळू फिरवावं लागतं. मिस्त्रींच्या ड्रिलला वेग कमी करायचं चाक होतं. आम्ही कुणी त्याला हात लावला नव्हता.

हिरा टाइल कापत नाही, ती झिजवतो. पाट्यावर हळद उगाळावी तसं ते काम आहे, आणि उगाळताना कुणी दाबून जोर लावत नाही. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ एवढंच होतं. आम्ही सगळे भोक 'पाडायला' निघालो होतो.

कणकेचं आळं

दुसऱ्या दिवशी मी पुण्यातल्या हत्यारांच्या बाजारात जाऊन व्हॅक्यूम ब्रेझ्ड बिटं आणली, ३५ आणि ५० मिलिमीटरची ग्राइंडरवरही चालणारी, आणि ६, ८, १०, १२ मिलिमीटरची ड्रिलची. यात हिऱ्याचे कण निकेलमध्ये बुडवलेले नसतात, निर्वात भट्टीत वितळलेल्या मिश्रधातूनं जोडलेले असतात. कण ठळक वर राहतात, मध्ये फटी राहतात आणि भुकटीला वाट मिळते. किंमत कितीतरी जास्त. पण फुटलेल्या दोन टाइल्सच्या हिशोबात ती कधीच वसूल झाली होती. साइटवर आल्यावर कळलं की मिस्त्रींच्या चार इंची ग्राइंडरचा स्पिंडल, म्हणजे फिरणारा दांडा, एम १० (दहा मिलिमीटरचा) आणि बिटाचे आटे एम १४चे. अडॅप्टरसाठी परत एक फेरी. बिटं घेण्याआधी ग्राइंडरचा आटा बघून घ्यावा, हा धडा माझ्यासाठी.

आम्ही सराव फुटक्या टाइलवर केला. हे मी मुद्दाम सांगते, कारण फुटलेला नग लगेच गोणीत भरून खाली जातो. त्याच बॅचच्या, त्याच जाडीच्या टाइलवर हात बसवायची दुसरी संधी मिळत नाही. त्या दोन नगांवर मिस्त्रींनी सात भोकं पाडली.

टाइल लावण्याआधी जमिनीवरच करायच्या भोकांसाठी जी रीत ठरली ती अशी. टाइलखाली प्लायवूडचा सपाट तुकडा, कुठेही अधांतरी राहू द्यायची नाही. ग्लेझची बाजू वर, कारण टवके उडायचेच तर ते बिट जिथून बाहेर पडतं त्या बाजूला जास्त उडतात आणि मागची बाजू कुणी बघत नाही. भोकाच्या खुणेवर पाव इंची प्लायचा तुकडा, त्यात आधीच ३५चं गोल कापलेलं, दोन क्लॅम्पनी घट्ट. होल सॉला मधलं टोक नसतं, त्यामुळे गुळगुळीत ग्लेझवर ते घसरून टाइलभर ओरखडा काढतं. या पट्टीमुळे ते जागेवर राहतं. खाच एक-दोन मिलिमीटर उतरली की पट्टी काढायची.

मग पाणी. काकू हे सगळं दारातून बघत होत्या. मी म्हटलं, भोकाभोवती पाणी साचून राहील असं काहीतरी पुटीचं हवं. त्या आत गेल्या आणि कणकेचा गोळा घेऊन आल्या. टाइलवर कणकेचं गोल आळं केलं, झाडाला करतो तसं, आणि त्यात पाणी भरलं. इतकं नेमकं जमलं की पुढची जमिनीवरची सगळी भोकं कणकेवरच झाली. आळ्यातलं पाणी दुधाळ राखाडी झालं की भुकटी बाहेर येते आहे हे कळतं. घट्ट झालं की कापडानं टिपून नवं भरायचं.

ड्रिल ५००-६०० फेऱ्यांवर, हॅमरचं, म्हणजे ठोके देत फिरायचं, बटण बंद. यंत्राच्या वजनापेक्षा थोडाच जास्त दाब. दर दहा-पंधरा सेकंदांनी बिट किंचित उचलायचं, पाणी आत जाऊ द्यायचं. शेवटचे दोन मिलिमीटर सगळ्यांत नाजूक. बिट पार होताना जोर तसाच राहिला तर उरलेला पातळ थर मोडून पडतो आणि त्याची कपरी वरपर्यंत येते. मिस्त्रींनी तिथे दाब पूर्ण काढून घ्यायची सवय दुसऱ्याच भोकाला लावून घेतली. साधारण दोन ते तीन मिनिटांत एक भोक होत होतं. कड हाताला लागली तरी बोचत नव्हती.

पाणी आणि वीज एकत्र, म्हणून काही बाबतीत मी हट्टी राहिले. यंत्राची तार पाण्यापासून दूर आणि उंच, पायात रबरी चप्पल, आणि घराच्या बोर्डावरची ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) टेस्टचं बटण दाबून आधी तपासलेली. बॅटरीवरचं ड्रिल मिळालं तर ते सगळ्यांत बरं.

भोकाची जागा काढणं हे वेगळंच काम. पाइपची तोंडं आधीच भिंतीत बसलेली असतात आणि त्यांवर पंधरा किलोची टाइल धरून अंदाज घेता येत नाही. आम्ही टाइलच्याच खोक्याचा पुठ्ठा वापरला. त्याचं माप टाइलएवढंच, कडा बरोबर कापून घेतल्या की झालं. पाइपच्या तोंडांत लांब एंड प्लग लावले, टोकांना गेरू फासला, पुठ्ठा स्पेसरसकट (सांध्याची फट राखणाऱ्या तुकड्यांसकट) जागेवर टेकवून दाबला. लाल ठिपके उमटले ती केंद्रं. मिक्सरच्या दोन तोंडांमधलं अंतर १५० मिलिमीटर असायला हवं. आमचं १५३ निघालं. मिक्सरचे वाकडे पाय तेवढं सामावून घेतात.

भोक ३५चंच का? अर्धा इंची नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास २१ मिलिमीटरच्या जवळपास, पण भिंतीतल्या पितळी एल्बोचं, म्हणजे पाइपच्या काटकोनी जोडाचं, तोंड त्याहून जाड. फ्लँज साठीच्या घरात. ३५मध्ये एल्बोला भोवती थोडी मोकळीक राहते, टाइल त्याला टेकत नाही, आणि फ्लँजखाली पुरेशी कड उरते. ती फट सिलिकॉननं भरायची. अनेक ठिकाणी फ्लँज बसली की काम झालं मानतात आणि पाणी वर्षभर टाइलच्या मागे झिरपत राहतं.

तिसरी टाइल

इथपर्यंत सगळं सुरळीत. दहापैकी सहा भोकं झाली, तीन भिंती लागल्या, दाराची भिंत उरली. गरम पाणी नसल्यानं काकांचे हाल होत होते म्हणून प्लंबरनं गीझर आधी टांगायचं ठरवलं. पंधरा लिटरचा गीझर, भरल्यावर पंचवीस किलोच्या आसपास. बोल्टसाठी टाइलमध्ये भोकं व्हॅक्यूम ब्रेझ्ड बिटानं, पाण्यानं, अगदी स्वच्छ झाली. मग दहाचा अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीत फुगून घट्ट बसणारा बोल्ट, ठोकून पान्ह्यानं आवळला. आवळता आवळता टाइल भोकापासून चांदणीसारखी तडकली.

या वेळी भोकाचा दोष नव्हता. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टाइलवर टकटक केलं. भोकाभोवती बद्द, पोकळ आवाज. टाइल उतरवली तेव्हा मागे चिकटवणाचे पाच गोळे होते, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. बाकी सगळी हवा. ती भिंत ओळंब्यात नव्हती, वरच्या बाजूला बारा-पंधरा मिलिमीटर आत होती. तो फरक मिस्त्रींनी गोळ्यांच्या जाडीनं भरून काढला होता. सिमेंटच्या मालावर जुनी टाइल लावताना हे चालून जायचं, कारण माल दाबून सगळीकडे पसरायचा. चिकटवणाला मात्र भिंत आधी प्लास्टरनं सरळ करून मग दातेरी थापीनं पूर्ण पृष्ठभागावर थर द्यावा लागतो. तो मी तपासायला हवा होता. तपासला नाही.

दुसरं कारण अँकरचं. त्याची फुगणारी नळी टाइलच्या जाडीतच अडकली होती. बोल्ट आवळला की ती नळी टाइलला आतून बाहेर ढकलते, आणि पोर्सेलिन दाब सोसतं तसा ताण सोसत नाही. मागे पोकळी, आतून ढकल, वर पंचवीस किलो. तिला न तडकण्याचा काही मार्गच नव्हता.

मग ती भिंत पुन्हा केली. वरचा भाग प्लास्टरनं सरळ, टाइल पूर्ण थरावर, आणि गीझर लावायची घाई नाही. पुरतं वाळायला तीन दिवस दिले. काकांनी शेजारी आंघोळ केली, तक्रार केली नाही. भोकं आता दोन टप्प्यांत. टाइलमध्ये १२चं हिऱ्याचं बिट, फक्त टाइल पार होईपर्यंत. मग बिट बदलून विटेत १०चं साधं मेसनरी बिट, जे टाइलच्या कडेला स्पर्शही करत नाही. हॅमर लावायचा तर तो याच टप्प्यात. अँकर आतपर्यंत सारला, त्याचं तोंड टाइलच्या मागे, विटेत. टॉवेल रॉडच्या आठच्या प्लगसाठीही तेच, टाइलमध्ये १०, विटेत ८.

बदलीची टाइल मिळाली ती दुसऱ्या बॅचची. खोक्यावरचा शेड नंबर वेगळा, आणि रंग किंचित पिवळट. शेजारी ठेवली तर डोळ्यांना खुपत होती. दाराची भिंत अजून उरली होती हे नशीब. तिथली जुन्या बॅचची टाइल गीझरखाली वापरली आणि पिवळट नग दाराच्या मागे गेला. एकाच बॅचचे दोन नव्हे, निदान चार नग जास्तीचे घ्यावेत असं मला आता वाटतं, विशेषतः होल जास्त असतील तिथे.

उरलेली भोकं

कमोडच्या टू-वे कॉकचं भोक राहून गेलं होतं. टाइल आधीच भिंतीला लागली होती. उभ्या भिंतीवर आळं टिकत नाही आणि ड्रिल एका जागी धरणंही कठीण. इथे ग्राइंडरवरचं बिट कामी आलं. सुरुवात तिरकी, बिटाची एकच कड टेकवून चंद्रकोरीसारखी खाच, मग हळूहळू सरळ करत पूर्ण वर्तुळ. पुढे सतत किंचित गोल हलवत राहायचं, म्हणजे एकेक भाग क्षणभर घासून लगेच थंड होतो. ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे घेतो, तरी बिट जळलं नाही ते याच हलवण्यामुळे. मध्ये थांबून ओला स्पंज लावला, पण टाइल तापायच्या आधी, तापल्यावर नव्हे. अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर भोक झालं. फ्लँजखाली जाईल असा एक टवका उडाला. टवक्यातून तडा निघतोय का ते नखानं चाचपून पाहिलं, नव्हता. फ्लँज टवका झाकते, तडा झाकत नाही, म्हणून हे चाचपणं सोडू नये.

ग्राइंडरचं काम जलद, पण धुळीचं. त्या अर्ध्या मिनिटात खोली पांढरी झाली. पोर्सेलिनमध्ये क्वार्ट्झ असतं आणि त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. अशा स्फटिकी सिलिकाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ साली कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातलं. काकू-काका अर्धा तास बाहेर जाऊन येतात, मिस्त्री ती धूळ पंचवीस वर्षं घेत आले आहेत. मला या प्रकरणात फुटलेल्या टाइल्सपेक्षा हे जास्त लागलं. त्यांचा सकाळचा खोकला मी तंबाखूचा समजत होते. आता माझ्या साइटवर एन ९५ मास्क माझ्या पिशवीतून येतात, आणि जे भोक जमिनीवर पाण्यात होऊ शकतं ते भिंतीवर कोरडं करायचं नाही, असा नियम आहे. मिस्त्रींना मास्कमध्ये गुदमरल्यासारखं होतं, हे खरं आहे. म्हणूनच पाण्याची पद्धत मी जास्त लावून धरते.

सहा महिन्यांनी, पावसाळा सरल्यावर, मी काकूंकडे जाऊन सगळ्या टाइल्स मुठीनं टकटकून पाहिल्या. गीझरच्या भिंतीचा आवाज भरीव, फ्लँज काढून बघितलेल्या दोन भोकांच्या कडा जशाच्या तशा. दाराच्या मागचा पिवळट नग काकूंनी पाहुण्यांना स्वतःहून दाखवायला सुरुवात केली आहे. ३५चं ते बिट त्यानंतर वाकडच्या एका स्वयंपाकघरात गेलं, तिथे आणखी चौदा भोकं झाली. मिस्त्री आता दुसरं कुठलं बिट हातात धरत नाहीत, आणि साइटवर आले की आधी घरातल्या बाईंना विचारतात, "ताई, थोडी कणीक मिळेल का?"